पोडियमवरच्या फेऱ्या की भाजीपर्यंतचं चालणं?

मधुरा_कांजूर

आईच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून ती आमच्याकडे कांजूरमार्गला आहे. त्याआधीची सगळी हयात दादरच्या हिंदू कॉलनीत गेली. गोळ्या त्याच, जेवण तेच, तरी या वेळी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा चांगलाच वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, रोजच्यात काय बदललंय? बदललं होतं फक्त तिचं चालणं.

गंमत म्हणजे आमच्या टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, चालायला खास ट्रॅक आहे. लाल, रबरी, सकाळी भजनं लावलेली. दादरला असलं काही नव्हतं आणि आई तिथे व्यायाम म्हणून कधी घराबाहेर पडलीही नाही. ती दूध आणायला जायची, बँकेत पासबुक भरायला जायची, ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला, पाच बागेत मैत्रिणींना भेटायला. सगळं एका खेपेत आणायचं नाही हा तिचा शिरस्ता. कोथिंबीर विसरली म्हणून पुन्हा खाली उतरायची, आणि मला तर दाट संशय आहे की ती मुद्दाम विसरायची.

इथे ट्रॅकवर दोन फेऱ्या मारते आणि बाकावर बसते. म्हणते, "घाण्याच्या बैलासारखं गोल गोल काय फिरायचं? तिथे माझं काम काय?"

काम असलेली ठिकाणं आहेत हो! आमच्या मागच्याच गल्लीत भाजीवाले, गिरणी, मेडिकल, छोटंसं विठ्ठलाचं देऊळ. बाल्कनीतून दिसतात. पण सोसायटीचं मागचं गेट कायम कुलपात, कारण तिथे वेगळा वॉचमन ठेवावा लागेल. म्हणजे पुढच्या गेटने बाहेर पडून मोठ्या रस्त्याने अख्खा वळसा. त्या वळशातला फुटपाथ कसा आहे ते सांगते. गेटबाहेर पडलं की आधी गाड्यांसाठीचा उतार, मग एकदम उंच पायरी, मग विजेचा डबा, त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरायचं, पुन्हा चढायचं, मग एका बाजूने खचलेले पेव्हर ब्लॉक. त्यातल्या एकावर पाय पडला की तो डुगडुगतो आणि पावसाळ्यात खालचं पाणी थेट साडीवर. पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकाचा बांबू. सत्तरी पार केलेली बाई हे सगळं करून कोथिंबीर आणेल का? ती मोबाइलवरून मागवते. दहा मिनिटांत येते.

माझं म्हणणं असं, की माणूस किती चालतो हे त्याच्या निश्चयापेक्षा त्याच्या पत्त्यावर जास्त अवलंबून असतं. तुमच्या भागात काय परिस्थिती आहे?

डॉ_सायली

मधुराताई, दवाखान्यात हे नेहमी दिसतं. मुलगा मोठा फ्लॅट घेतो, आईवडिलांना घेऊन जातो आणि वर्षभरात दोघांचं वजन आणि साखर वाढलेली असते. "चाला" असं कागदावर लिहून देणं सोपं आहे. कुठे चालायचं ते कुणी लिहून देत नाही.

या विषयातला मूळ अभ्यास फार मजेशीर आहे. १९५३ साली जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, शहर तेच, पगारही साधारण सारखाच. पण दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता आणि झाला तरी सौम्य असायचा. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हर मुळातच कंबरेने जाड होते असंही निघालं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण त्यानंतर झालेले अभ्यास बहुतेक त्याच दिशेने गेले. आपल्यासाठी मुद्दा हा की ते कंडक्टर व्यायाम करत नव्हते, तिकिटं फाडत होते.

साखरेचं गणित साधं आहे. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनची फारशी गरज लागत नाही. म्हणून सकाळी तासभर चालून मग दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा जेवणानंतरची दहापंधरा मिनिटं मधुमेह्याला जास्त उपयोगी पडू शकतात. तुमच्या आई दुपारी चहाआधी फुलपुडी आणायला जात असतील, तर नकळत नेमकं तेच करत होत्या.

विरारफास्ट

धागा छान, पण थोडं थांबा. मुंबईकर चालत नाही असं कोण म्हणतं? एमएमआरडीएने (मुंबई महानगराचं विकास प्राधिकरण) २००८ साली केलेल्या वाहतूक अभ्यासात लोकांच्या एकूण प्रवास-फेऱ्यांपैकी साधारण निम्म्या पूर्णपणे पायीच होत्या. त्यात रेल्वे-बसपर्यंतचं चालणं धरलेलंच नाही. आम्ही विरार-नालासोपाऱ्याची माणसं रोज पूल चढतो, पूल उतरतो, शेअर रिक्षा मिळाली नाही तर चालतो. आम्हाला कुणी निरोगी म्हणत नाही. आम्ही दमलेले असतो.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तीसुद्धा चालतच होती. तेव्हा चालणं हे आरोग्य वगैरे बोलताना कोण, कुठून आणि कशातून चालतंय हे आधी बघा. हिंदू कॉलनीची झाडं सगळ्यांच्या नशिबी नसतात.

मधुरा_कांजूर

विरारफास्ट, मान्य. पण तुमचंच उदाहरण घेऊन सांगते. पावलं तुमचीही तेवढीच पडतात, बहुधा जास्तच. फरक वाटेचा आहे. हा फरक पैशाने पडलाय असंही नाही, कारण मी कांजूरला जे भाडं भरते त्यात दादरला… असो, ते सांगत नाही, रडू येईल.

निवृत्त_ओव्हरसियर

रस्त्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून फुटपाथबद्दल चार शब्द.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३. त्यात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं सांगितलंय. "मोकळी" हा कळीचा शब्द. कागदावर फुटपाथ दोन मीटरचा असतो. त्यातून झाडाचं आळं, विजेचा डबा, सिग्नलचा खांब आणि बस थांब्याचा पाय वजा केला की एका माणसाने तिरकं होऊन जायची जागा उरते.

उंची का वाढते? बऱ्याच ठिकाणी फुटपाथखाली पावसाळी पाण्याचा नाला असतो, त्यामुळे तो मुळातच वर येतो. आणि दर सोसायटीच्या गेटला गाडीसाठी फुटपाथ तोडून उतार देतात. खरं तर फुटपाथ सलग ठेवून गाडीने चढून यावं. पण आपल्याकडे गाडीला धक्का बसू नये म्हणून आजीने चढउतार करायची.

पेव्हर ब्लॉकची बदनामी जेवढी होते तेवढा तो वाईट नाही. तो वाळूच्या थरावर बसवतात. केबलसाठी चर खणला की भरताना नीट ठोकून घट्ट करायला हवा, तिथे घाई होते. पहिल्या पावसात वाळू वाहून जाते, ब्लॉक बसतो आणि डुगडुगायला लागतो. पडताना म्हाताऱ्या माणसाचं मनगट नाहीतर खुबा जातो. एकदा पडलं की ती व्यक्ती परत बाहेर पडतच नाही. या शहरात ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचा नारळ जानेवारी २०२३ मध्ये फुटला. केबलींसाठी डक्ट आणि कडेचे फुटपाथ त्याच वेळी सरळ करून घेण्यासारखी संधी पुन्हा लवकर येत नाही.

सायन_सर्कल

ओव्हरसियर साहेब, दंडवत! स्कायवॉकबद्दल, त्या पादचाऱ्यांच्या उंच पुलांबद्दल पण लिहा की.

निवृत्त_ओव्हरसियर

२००८ मध्ये वांद्र्याला पहिला झाला, स्टेशन ते कलानगर. पुढे एमएमआरडीएने शहरभर तीसेक बांधले. स्टेशनच्या पुलाला थेट जोडलेले चालले, कारण माणूस आधीच वर असतो. जिथे खालून वर चढवायचं होतं तिथे लोकांनी खालचा रस्ता धरला. काम रस्त्याच्या पातळीवर असतं. दुकान खाली, रिक्षा खाली, भाजी खाली.

चाळकरी

गिरगावात वाढलो. आमच्याकडे चालण्याला पर्यायच नव्हता, कारण जायचं ते ठिकाण यायच्या आतच बोलणारी चार माणसं भेटायची. गॅलरीतून हाक, जिन्यात हाक, वाडीच्या तोंडाशी पानवाला. आज्जी नव्वदीला टेकली तरी ठाकुरद्वारला जायची आणि तिला यायला उशीर झाला तर वाटेवरचे तिघं सांगू शकायचे की ती कुठवर आलीय. आता आमच्या वाडीत टॉवर झाला. खाली तीन मजले पार्किंग. रस्त्यावरून चालताना डाव्या हाताला पूर्वी सुतार, किराणा, शिवणवाल्या काकू होत्या, तिथे आता सलग भिंत आणि जाळी. अंतर तेवढंच आहे, पण ते लांब वाटतं. याचं मोजमाप कुणी करत असेल तर मला जरूर सांगा.

(स्मरणरंजन समजून सोडून द्या. चाळीतल्या संडासाच्या रांगेची आठवण मीही काढत नाही.)

निशा_जोगेश्वरी

चाळकरी यांना +१, आणि बाईच्या बाजूने थोडं जास्त.

मला ऑफिसातून यायला रात्रीचे साडेदहा होतात. स्टेशनपासून घरी यायला दोन रस्ते. एक रुंद, दिवे झगझगीत, दोन्ही बाजूंना कॉम्प्लेक्सच्या उंच भिंती. दुसरा अरुंद, भुर्जीपावची गाडी, उशिरापर्यंत उघडं मेडिकल, इस्त्रीवाला. मी नेहमी दुसऱ्याने येते. पहिल्यावरून एकदा कुणी मागे लागलं तर हाक कुणाला मारायची? त्या रस्त्यावर फुटपाथ उत्तम आहे बरं का. ओव्हरसियर काकांच्या मापात बसेल असा. पण मी रिक्षा करते.

तेव्हा फेरीवाले सरसकट हटवा म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

सायन_सर्कल

निशाताई, रात्रीचं पटलं. पण सकाळी स्टेशनबाहेर फुटपाथवर दोन्हीकडून फेरीवाले आणि मध्ये हातभर वाट, त्यातून गर्भवती बाई, शाळेची मुलं. ते कसं चालेल?

निशा_जोगेश्वरी

नाहीच चालणार. २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आहे ना, त्यात समिती नेमून जागा ठरवून द्यायच्या आहेत. ठरवून, मोजून द्या. सगळं किंवा काहीच नाही, या दोनच अवस्थांमध्ये आपण का असतो?

वकील_बंड्या

कायद्याचं निघालंच आहे तर: मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरता येण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो अपंग व्यक्तींनाही वापरता यायला हवा असं म्हटलंय. तक्रार लिहिताना याचा उल्लेख करायला हरकत नाही. समोरचा निदान पूर्ण वाचतो.

चारकोप_सेक्टर

आमच्याकडे या बाबतीत अजून बरं आहे. चारकोप जागतिक बँकेच्या मदतीने १९८० च्या दशकात वसवलं. छोटे छोटे प्लॉट, मधल्या मोकळ्या अंगणाभोवती घरांचे गट, लोकांनी आपापल्या ऐपतीने बांधलेली घरं. श्रीमंतांची वस्ती नव्हती, म्हणून विरारफास्ट यांना मुद्दाम सांगतोय. शाळा, बाजार, दवाखाना सेक्टरातल्या सेक्टरात. आईबाबा अजूनही संध्याकाळी पायीच सगळं उरकतात आणि अंगणात खुर्च्या टाकून बसतात.

पण आता घरागणिक दोन दुचाक्या आणि एक चारचाकी. गल्ल्या त्या हिशोबाने आखलेल्याच नव्हत्या. अंगणात गाड्या लागतात, पोरं क्रिकेट खेळायला मोबाइलमध्ये गेली.

गुडघेदुखी_क्लब

सगळे फुटपाथवर बोलताय, बसण्याबद्दल कुणीच नाही. माझ्यासारखी गुडघ्याची बाई सलग फार चालू शकत नाही, पण दर थोड्या अंतरावर टेकायला मिळालं तर खूप चालू शकते. शिवाजी पार्कचा कट्टा का चालतो? अख्ख्या मैदानाभोवती बसायची सोय, साधारण सव्वा किलोमीटरभर. कुठेही थांबा, कुणी "काय हवंय?" विचारत नाही. दुकानाच्या पायरीवर बसलं तर विचारतात.

दुसरं म्हणजे मुतारी. स्पष्टच लिहिते. साठीनंतर बायका लांब जात नाहीत त्यातलं निम्मं कारण हे आहे. घरून निघताना पाणी न पिता निघायचं, मग चक्कर येते, मग मुलं म्हणतात आई एकटी जाऊ नकोस.

तिसरं, सिग्नल. हिरवा माणूस लुकलुकायला लागतो तेव्हा मी दुभाजकापर्यंतही पोचलेली नसते. वळणाऱ्या मोटारसायकली तर त्याकडे बघतही नाहीत. मधुरा, तुझ्या आईला मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? लागत असेल तर बाकी सगळं सोड, ती तिथेच घाबरत असणार.

मधुरा_कांजूर

काकू, तेच! कालच विचारलं तर म्हणाली, "रस्ता ओलांडायला तुझ्या बाबांची सवय होती." मला इतके महिने हे माहीतच नव्हतं.

डॉ_सायली

गुडघेदुखी ताई, तुमचा पहिला मुद्दा डॉक्टरांनीही शिकण्यासारखा आहे. आधी असं मानत की सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चालणं जमेस धरायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, ती कशीही तुकड्यातुकड्याने. थांबत, टेकत, पण थोडं झपझप केलेलं चालणं पूर्ण हिशोबात येतं. ज्येष्ठांना त्याबरोबर तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायामही सांगितलेत, ते भाजीच्या पिशवीने काही अंशी होतात असं मी गमतीने म्हणते.

आणि कृपया दहा हजार पावलांचा धोशा सोडा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या अमेरिकन स्त्रियांवरचा मोठा अभ्यास आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं टाकणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७,५०० नंतर आलेख सपाट झाला. म्हणजे सगळ्यात मोठा फायदा घरात बसलेल्या माणसाने थोडंसं बाहेर पडण्यात आहे. भाजी, देऊळ, बँक एवढ्यात ते भागतं.

पहाटपावली

एक खुसपट. हवेचं काय? डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा खाली दबून राहते, धूर आणि धूळ वर जातच नाही. सहाला कानटोपी घालून निघणारे आम्ही सगळ्यात घाण हवा ओढतो. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटला की जरा मोकळं होतं. किंग्ज सर्कलच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली नर्मदेच्या वळणांसारखी वाट असलेली बाग केली. कल्पना सुंदर, पुलाखालची जागा पार्किंग-कचऱ्यापासून वाचली. पण दोन्ही अंगांनी वाहनं. मी तिथे चालण्यापेक्षा पाच बागेच्या आतल्या रस्त्यांवरून चालेन.

विरारफास्ट

पाच बाग, हिंदू कॉलनी… परत तेच. ही वस्तीसुद्धा आकाशातून पडली नाही हो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधारायला सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याची योजना आखली, रस्ते आधी पाडले, झाडं लावली आणि मग इमारती. माणसं मरायला लागली तेव्हा सरकारने हवा आणि उजेडाचा विचार केला. आता देशात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे दहा कोटींवर मधुमेही आहेत. हा हळू चालणारा प्लेग आहे, म्हणून कुणी ट्रस्ट काढत नाही.

आणि हो, मधुरा, तुमचं मागचं गेट. बाकी सगळं राहू द्या. त्याला ना निविदा लागते ना न्यायालय.

मधुरा_कांजूर

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय टाकला. पहिलं उत्तर "सुरक्षेचं काय?", दुसरं "घरपोच मिळतं की सगळं", तिसरं अंगठा. पण मग आईच्या वयाच्या सहासात जणी कधी नव्हे त्या ग्रुपवर लिहायला लागल्या. एकीने तर मेथीच्या जुडीचा दर टाकला, मागच्या गल्लीतला आणि ॲपवरचा. सेक्रेटरी म्हणतात, रविवारी मीटिंग लावू.

निवृत्त_ओव्हरसियर

मीटिंगला जाताना आधी गेटपाशी जाऊन बघून या. कुलूप निघेल हो, पण असल्या बंद गेटच्या बाहेर हटकून गटाराचं झाकण आणि फूटभर पायरी असते. उतार घालायला किती जागा आहे ते टेपने मोजून आणा आणि इथे टाका. मी आकृती काढून देतो.

मधुरा_कांजूर

रविवारचा वृत्तांत. तीन महिन्यांसाठी मंजूर. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. वॉचमन वेगळा नाही, पोडियमवरचाच एक त्या वेळात खाली बसेल, म्हणजे ट्रॅकवरच्या भजनांचं बटण दाबायला कुणी नाही, यावरून जास्त भांडण झालं. काका, झाकण आहे आणि ते आवाज करतं. पायरी नऊ इंच, पुढे भिंतीपर्यंत जागा साडेचार फूट. आईचं म्हणणं उताराला एका बाजूने कठडा हवा.

निवृत्त_ओव्हरसियर

नऊ इंचाला साडेचार फुटांत सरळ उतार घातला तर फार खडा होईल. भिंतीला समांतर वळवून घ्या, म्हणजे लांबी मिळेल. कठडा आईंच्या उजव्या हाताला की डाव्या? पिशवी कुठल्या हातात धरतात ते विचारून सांगा.